मुठीचं मडकं आणि खाडीतले दगड

आमच्या चुलीच्या उजव्या हाताला एक मडकं असायचं. दुपारच्या भाताचे तांदूळ मापून घेतले की वहिनी त्यातली एक मूठ त्या मडक्यात टाकायची आणि उरलेले धुवायला घ्यायची. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरात असं मडकं होतं, आणि ते ठेवायला मी लावलं होतं. यात कुणाला आढ्यता दिसली तर दिसो. ज्या गावाला देवळाच्या पेटीपलीकडे दान ठाऊक नव्हतं, तिथे घरोघर चुलीपाशी मडकं बसवणं म्हणजे काही पानसुपारी वाटणं नव्हे.

मी तेव्हा मुंबईच्या एका छापखान्यात दोन वर्षं अक्षरांचे खिळे जुळवून परत आलो होतो. वय बावीस. मिशी धड फुटली नव्हती, पण मतं चांगली फुटली होती. दुसऱ्यांची पत्रकं जुळवता जुळवता स्वतःची लिहायला शिकलो. विलायती कापडावर लिहिलं, ताडीवर लिहिलं, हुंड्यावर लिहिलं. गावी आल्यावर पहिलं पत्रक लिहिलं ते दानावर. त्यातलं एक वाक्य मला अजून आवडतं: ‘जो माणूस एक नारळ विकत घेताना तो कानाशी धरून हलवून बघतो, तोच माणूस दान देताना डोळे मिटून घेतो.’ हे वाक्य आजही खरं आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं समोर येऊन सांगावं.

मूठ सुरू झाली दसऱ्याला. दर शनिवारी मी खांद्यावर पोतं टाकून आळीआळीतून फिरायचो, मडकी रिकामी करून घ्यायचो आणि तांदूळ वाण्याला विकायचो. पैसे ठेवायचे देवस्थानच्या पंचांकडे, म्हणजे बागवाल्या काकांकडे. गावातली अर्धी माडांची बाग त्यांची, आणि कुलूप लागेल अशी लोखंडी पेटीही त्यांच्याच घरी. शिमग्याच्या आधी देवळात गाव बसेल आणि हे धन कुठे द्यायचं ते ठरेल, असा ठराव झाला होता.

काकांचं आधीच ठरलं होतं. पालखीला चांदीचं छत्र.

माझंही आधीच ठरलं होतं. मुंबईतल्या एका अनाथालयाचा अहवाल मी स्वतःच्या हातांनी जुळवला होता. गुळगुळीत कागद, आत पोरांच्या रांगेचा फोटो, आणि मजकूर असा की जुळवताना माझेच डोळे भरून यायचे. मी तो गावी घेऊन आलो होतो आणि भेटेल त्याला दाखवत होतो.

पारावर चारचौघांत फोटो बघून काका म्हणाले, “पोरं चांगली दिसतात. आपल्या छत्राखाली उभी कर की एक दिवस.”

“काका, देवाला ऊन लागतं का?”

“आणि तुला अक्कल लागते का? तुझ्या पहिल्या पत्रकाचा कागद कुठून आला? उत्सवाचा उरलेला. देवाच्या कागदावर देवाला शिव्या देतोस, आणि वर मला ऊन विचारतोस!”

लोक हसले. काका बोलायला तयारीचे होते, हे कबूल केलं पाहिजे. पण मला खात्री होती की गाव शेवटी माझ्या बाजूनं उभं राहील. छत्र की अनाथ, यात विचार करण्यासारखं काय होतं?

घरात त्या दिवसांत वहिनीला दिवस गेलेले होते. पहिलटकरीण. दादा मुंबईला गोदीत; त्याची रजा पावसाआधी मिळण्यातली नव्हती. आमच्या बाजूची सुईण आदल्या पावसाळ्यात वारली होती. तेव्हापासून सगळ्या गावाची भिस्त खाडीपलीकडच्या दाईवर. ती मुसलमान वस्तीतली, साठीच्या आसपासची, बुटकी, आणि हाताला यश असलेली. अवघड बाळंतपणाला गाव तिला आधीपासूनच बोलवायचं; मलाही तिनंच जगात आणलं. अलिबागचा दवाखाना बैलगाडीनं अर्ध्या दिवसावर. कळा सुरू झालेल्या बाईला त्या रस्त्यानं नेणं म्हणजे तिला वाटेतच मोकळं करणं.

खाडीची एक खोड होती. पाण्याचा खोल प्रवाह पलीकडच्या काठाला लागून. भरतीला होडी आमच्या बंदराच्या पायऱ्यांना टेकायची, पण ओहोटी लागली की पाणी मागे सरायचं आणि आमच्या बाजूला नुसता गाळ उघडा पडायचा. होडीतून उतरून तेवढं अंतर गुडघाभर गाळातून तुडवत यायचं. पुरुष धोतर खोचून येत. बायका भरतीची वाट बघत बसत. हे मी जन्मापासून बघत आलो होतो, आणि जन्मापासून बघितलेली गोष्ट पत्रकात येत नाही.

पौषात शेजारच्या आत्याची सून बाळंत झाली, आणि मूल गेलं. मी त्या दिवशी अलिबागला छापखान्यात होतो. परत आल्यावर कळलं, वाईट वाटलं, आत्याच्या ओट्यावर जरा वेळ बसून आलो. दाई का आली नाही ते मी विचारलं नाही. बाळंतपणाच्या गोष्टी बायका बोलत नाहीत आणि पुरुष विचारत नाहीत, ही आमच्याकडची रीत. रीतींवर तुटून पडणारा मी, ही एक रीत मात्र गुमान पाळली.

त्यानंतर पोतं हलकं लागायला लागलं.

पहिल्या शनिवारी वाटलं, पाहुणेरावळे असतील. दुसऱ्या शनिवारी वाटलं, चुकून. तिसऱ्या शनिवारी मी एकेका मडक्यात वाकून बघितलं. कुठलंच रिकामं नाही, पण कुठलंच भरलेलंही नाही. जणू साऱ्या गावाच्या बायकांचे हात एका महिन्यात लहान झाले होते. कोण शिकवतंय यांना? मला वाटलं, काकाच. माझा संताप असा झाला की मी सरळ अलिबाग गाठलं आणि पदरच्या पैशांनी पत्रक छापून आणलं. मथळा: ‘गावाची मूठ का आटली?’ खाली लिहिलं होतं की ज्या गावाला अनाथाच्या तोंडी दोन शितं घालवत नाहीत, त्यानं स्वराज्याच्या गोष्टी करू नयेत. आणखीही पुष्कळ होतं. पत्रकं मी पाणवठ्याच्या विहिरीवर, रहाटाच्या खांबाला, खळीनं चिकटवली आणि उरलेली दारोदार टाकली.

विहिरीवरच्या बायकांतल्या कुणालाच वाचता येत नव्हतं, वहिनी सोडून. वहिनी चौथी शिकलेली. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं म्हणे, माझ्या आवाजात, माझ्यासारखे हातवारे करून. बायका इतक्या हसल्या की एकीचा हंडा घरंगळला. हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा मी बागेच्या दुसऱ्या टोकाला, गावाला शरम वाटण्याची वाट बघत बसलो होतो.

आठ-दहा दिवसांनी वहिनी म्हणाली, “भावोजी, पलीकडे जाणार आहात का?”

“नाही. का?”

“मग जा. दाईला एवढं पोचवा.” आणि तिनं माझ्या हातात एक पिशवी दिली. आत तांदूळ, आणि कागदात बांधलेली सुकट.

“दाईला? तिला काय कमी आहे?”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं, माणूस पत्रक वाचतो तसं नव्हे, कोरा कागद बघतो तसं. “जाऊन तर या,” म्हणाली.

ओहोटी होती. मी धोतर खोचलं आणि गाळात उतरलो. दहा पावलांवर एक पाय मांडीपर्यंत आत गेला आणि वहाण तिथेच राहिली. ती आजही तिथेच असेल. होडीपर्यंत पोचलो तेव्हा होडीवाला म्हणाला, “याच जागी पडली ना ती म्हातारी.”

“कोण म्हातारी?”

“दाई. आत्याच्या सुनेकडे निघाली होती. भर ओहोटी. मी म्हटलं, थांब, पाणी येऊ दे. म्हणते, बाळ काय पाणी बघून येतं? उतरली आणि गेली की घसरून. पाय मोडला. मीच उचलून परत होडीत घातली. तुला ठाऊक नाही?”

मला ठाऊक नव्हतं. दोन महिने होत आले होते आणि मला ठाऊक नव्हतं.

दाई ओसरीवर बाजेवर पडली होती. पायाला बांबूच्या कांब्या बांधलेल्या. मला बघताच म्हणाली, “ये बेटा, ये. तुझंच घर. बघ, सगळीकडे तूच आहेस.”

मी वर बघितलं. कोनाड्यात, फडताळात, शिंक्यावर बांधलेल्या पुड्या होत्या. सुकट, चिंच, हळद, सुके बोंबील. प्रत्येक पुडीवर माझं पत्रक. ‘गावाची मूठ का आटली?’ ‘का आटली?’ ‘मूठ का’. माझ्या कुठल्या सभेतून इतकी पत्रकं घरी गेली नव्हती.

दाई म्हणाली, “वाचता येत नाही मला. पण कागद जाडा आहे, सुकट बरी राहते. काय लिहिलंयस?”

मी सांगितलं नाही. विचारलं, “हे सगळं कोण पाठवतं?”

“तुमच्याच बायका. आधी एक एक येत होती, मग म्हणाल्या तुझ्यासाठी वेगळं मडकंच ठेवलंय. अर्धी मूठ तुझ्या अनाथांना, अर्धी मला.” ती हसली. “मी पण अनाथच ना बेटा. नवरा आफ्रिकेला गेला जहाजावर, तो आजतागायत येतोय.”

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस?”

मग तिचं हसू गेलं. पायाकडे बघत म्हणाली, “तुझ्या वहिनीचे दिवस चैत्रात भरतात. पाय चालायला लागेल तोपर्यंत, काठी घेऊन का होईना. पण त्या गाळात मी आता उतरणार नाही. तिला सांग. भरतीला कळा आल्या तर मी आहे. ओहोटीला आल्या तर अल्ला आहे.”

मी परत आलो तो गाळ तुडवतच. घरी येऊन पाय धुतले आणि तडक आत्याच्या ओट्यावर गेलो. आत्या नारळ सोलत होती. मी म्हटलं, “आत्या, मूठ कुठे जायला हवी?”

तिनं हातातला नारळ खाली ठेवला नाही. “आत्ता उगवलं व्हय तुला? पाच महिनं पोतं घेऊन दारात येतोस. कधी इचारलंस, आत्या, ही मूठ कुणाला देऊ? तांदूळ आमचं, हात आमचं, मडकं आमच्या चुलीजवल, आन् ठरवनार कोन? तू न् काका. त्याला छत्री पायजे न् तुला मुंबई.”

“मग तुम्ही देवळात येऊन सांगा.”

“आमाला कोन बसू देतंय?”

“उभ्या तर राहाल?”

देवळात गाव बसलं तेव्हा काकांनी छत्राची गोष्ट काढली. नक्षी कशी, दांडा किती लांब, सगळं सांगून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, “हं, आता येऊ द्या तुमची मुंबईची पोरं.”

मी उठलो आणि म्हणालो, “अनाथालय चांगलं आहे. त्यात काही खोट नाही. त्याला देणारे मुंबईत पुष्कळ आहेत. आपल्या बंदरापासून ओहोटीच्या पाण्यापर्यंत दगडांची वाट घातली पाहिजे. ती घालायला मुंबईतून कुणी येणार नाही.”

मग काका म्हणाले, “दसऱ्याला अनाथ, शिमग्याला चिखल. पाडव्याला काय?”

“पाडव्याला वाट.”

“आणि त्या वाटेनं येणार कोण? पलीकडची दाई. देवस्थानच्या पेटीत साठलेली मूठ, ती पलीकडच्या वस्तीच्या पायाखाली घालायची?”

“काका, तुमच्या चार मुलांना पहिला हात कोणाचा लागला?”

काकांनी पानाचा डबा पुढे ओढला. पण काकांचा एक पुतण्या उसळून म्हणाला, “देवाचं ते देवाला!”

तेव्हा सभामंडपाबाहेरून, पारावरून, आत्याचा आवाज आला. “देवाचं न्हाय ते. माझ्या चुलीजवलचं हाय. छत्री कराल तर उद्यापासून मडकी उपडी. मग देवालाच सांगा पोतं घेऊन फिरायला.”

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. पारावर गावातल्या बायका उभ्या होत्या. नुसत्या उभ्या. वहिनीही होती, पोटाशी हात धरून. आत्याची सून होती, आणि तिला बघून पुतण्या खाली बसला.

काकांनी बराच वेळ उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, “गाळात नुसते दगड टाकशील तर वर्षात तळ गाठतील. खाली माडाची खोडं आडवी घालावी लागतात, म्हणजे धरून राहतात. माझ्या बागेत वादळात पडलेली आहेत. घेऊन जा.” असा माणूस. हरला तरी देणारा तोच राहिला पाहिजे. पण खोडं चांगली होती, आणि सल्ला त्याहून चांगला.

मुठीचे पैसे पाथरवटाला आणि मालवाहू पडावाच्या भाड्याला गेले. सपाट, जाड दगड पडावातून आले. पंधरा दिवस रोज ओहोटीला आम्ही पोरं गाळात. खोडं आडवी टाकायची, वर दगड बसवायचा, मग मी त्यावर उभा राहायचो, एक पाऊल पुढे टाकायचो आणि ओरडायचो, “इथे!” तिथे पुढचा दगड. पाडव्याच्या आधी वाट पुरी झाली. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं, पायाला चिखलाचा थेंब नाही. गावानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला स्वतःबद्दल जे वाटलं ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर पत्रक होईल.

चैत्र सरता सरता एका सकाळी वहिनीला कळा सुरू झाल्या. पूर्ण ओहोटी. मी पळत वाटेच्या टोकाला गेलो, हाक मारली, होडीवाला दाईला घेऊन आला. ती काठी टेकत उतरली. पहिल्या दगडावर चढली. आणि तिथेच उभी राहिली.

“काय झालं?”

“पुढचा दगड कुठे आहे?”

“हा काय, समोर.”

“समोर आहे, पण माझ्या पायाला नाही! कोणी घातले हे?”

“मी.”

“तुझ्या ढांगेनं घातलेस. माझी ढांग बघ.” तिनं नऊवारीचा काठ वर उचलून आपला बुटका, नुकता सांधलेला पाय दाखवला. दोन दगडांच्या मध्ये तो पाय पोचण्यासारखा नव्हता. उडी मारण्यासारखा तर मुळीच नव्हता. मागे पाणी, मध्ये गाळ, आणि तिकडे घरात वहिनी. दाई त्या दगडावर, काठी घेऊन, भर उन्हात, बोटभर जागेत अडकलेली. वाट माझी, मूठ गावाची, आणि पाऊल एका बावीस वर्षांच्या लांबटांग्याचं. पुन्हा तेच. विचारलं नव्हतं.

मी गाळात उतरलो. दोन दगडांच्या मध्ये जाऊन, पाठ करून, गुडघ्यावर बसलो.

“काय करतोस?”

“पाय ठेव.”

“वेडा आहेस का? तुझ्या पाठीवर?”

“अम्मा, बाळ काय पाणी बघून येतं?”

तिनं माझं डोकं धरलं, पाय पाठीवर ठेवला आणि पलीकडच्या दगडावर गेली. मी उठलो, पुढच्या फटीत जाऊन बसलो. असं काठापर्यंत. दर फटीला ती “या अल्ला” म्हणत होती आणि दर दगडावर मला शिव्या देत होती. शेवटच्या दगडावर म्हणाली, “पाठ बरी आहे तुझी. डोकं कामाचं नाही.” आणि काठी टेकत, काठावर थांबलेल्या आत्याच्या मागोमाग घराकडे गेली. मी तसाच चिखलानं माखलेला घराच्या पायरीवर जाऊन बसलो. ऊन डोक्यावर आलं आणि आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी. वहिनी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्याबरोबर मी आत्याकडे गेलो. म्हटलं, “आत्या, डोक्यावर भरलेला हंडा घे आणि गाळातून चाल. विहिरीवरून रोज येतेस तशी. घाई करू नको.”

“मेल्या, हसवायला बोलावतोस की काय?”

“चाल तर.”

ती चालली. मागोमाग मी. तिचं पाऊल जिथे जिथे उमटलं तिथे नारळाच्या झावळीचा एक हीर खोचत गेलो. मागून आत्याची सून चालली, तिचेही खोचले. दाईला भरतीलाच होडीतून आणून ठेवलं होतं, तिला बंदरावरून बघायला लावलं. ती काठीनं दाखवत होती, इकडे, अजून इकडे. घातलेले दगड उपटून, पडावातले उरलेले जोडीला घेऊन, सगळे त्या हिरांवर नव्यानं बसवले.

आता या वाटेवर बायका बोलत बोलत येतात, खाली न बघता. पुरुषांचं पाऊल मात्र नीट पडतच नाही. एकेक दगड घेतला तर जवळ, एक सोडून घेतला तर लांब. काका तर दर वेळी अडखळतात आणि काठावर मला बघितलं की ओरडतात, “काय रे, ही वाट आहे की जिना?” मी त्यांना सांगतो, काका, हळू या, विचारून घातलीय.